परत कसं यावं, मार्गे अमळनेर

लागणारं साहित्य: लिनक्स किंवा मॅक असलेला एक संगणक, त्यातली काळी खिडकी म्हणजे टर्मिनल, आणि जळगाव जिल्ह्याचा नकाशा. नकाशा नसेल तर धुळ्याला राहणारा एखादा नातेवाईक चालतो. माझ्याकडं भाचा होता.

भाचा धुळ्यातल्या देवपुरात राहतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रविवारी सकाळच्या गाडीनं जळगावला आला, चहा घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मामा, मी आत जातो, आणखी आत जातो, पण परत येता येत नाही." ही तक्रार मी या वयाच्या मुलांकडून इतर बाबतींतही ऐकलेली असल्यामुळं आधी नीट चौकशी केली. फोल्डरांबद्दल बोलत होता. ही मार्गदर्शिका त्या रविवारची आहे.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. आज्ञा रोमन अक्षरांतच टंकायच्या, आकडेसुद्धा. इथं त्या उच्चारानं दिल्या आहेत. सीडी म्हणजे सी आणि डी ही दोन अक्षरं. पुशडी म्हणजे पुश आणि त्याला चिकटून डी. आज्ञा आणि गावाचं नाव यांत एक मोकळी जागा सोडायची. ती सोडली नाही तर शेल, म्हणजे त्या खिडकीत तुमच्या आज्ञा ऐकणारा कार्यक्रम, म्हणतं, अशी आज्ञा नाही. फोल्डरांची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा, यंत्राची काही हरकत नसते.

काळ्या खिडकीत तुम्ही कायम कुठल्यातरी एका फोल्डरात उभे असता. माउसवाल्या जगात हे जाणवत नाही, कारण तिथं सगळं वरून दिसतं, विमानातून दिसावं तसं. इथं तुम्ही जमिनीवर आहात. आमची आई घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला अजून "कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?", म्हणजे कुठं चाललास, असं विचारते. शेल विचारत नाही, आणि आपण कुठं आहोत हे आपण विचारायचं असतं. त्यासाठी पीडब्ल्यूडी. नाव ऐकून भाच्याला बांधकाम खातं आठवलं. हिचा खड्ड्यांशी संबंध नाही. टंकलं की उभ्या जागेचा पूर्ण पत्ता छापते, इतकंच.

आता सरावासाठी एक झाड तयार करा. सगळ्यांत वर नाशिक. त्यात जळगाव आणि धुळे. जळगावात अमळनेर, पारोळा, एरंडोल, चाळीसगाव, रावेर. धुळ्यात साक्री, शिरपूर, शिंदखेडा. हे फोल्डर माउसनं केलेत तरी चालतील, कुणी बघत नाही. नाशिक वर का, असं जळगावकरांनी विचारू नये. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे नाशिक महसुली विभागात मोडतात, आणि संगणकाला मोडण्याशीच मतलब असतो. केळी कुणाची जास्त, हे तो विचारात घेत नाही.

समजा तुम्ही अमळनेरात उभे आहात. अमळनेर निवडायला कारण आहे. १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, पुढं त्याचीच विप्रो झाली. तेव्हा संगणक शिकणाऱ्या माणसानं अमळनेरात थोडा वेळ उभं राहायला हरकत नाही. दुसरं कारण भूगोलाचं. अमळनेर जळगाव जिल्ह्यात आहे आणि जवळ मात्र आहे धुळ्याला. बाजाराला धुळं, कलेक्टर कचेरीला जळगाव, अशी त्या तालुक्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी.

तर धुळ्याहून अमळनेरात आलात. आता 'परत' जायचं आहे. इथंच नवशिका अडकतो, कारण मराठीत परत एकच आहे आणि शेलमध्ये तीन.

पहिलं परत म्हणजे वर. सीडी, मोकळी जागा, दोन टिंबं. दोन टिंबांचा अर्थ 'माझ्या वरचा'. अमळनेरातून हे टंकलंत की जळगावात पोचता. तुम्ही धुळ्याहून आला होता याची इथं कुणाला फिकीर नाही. अर्ज जातो तसे तुम्ही वरच्या टेबलावर गेलात. आणि या रीतीनं धुळं गाठायचं तर अमळनेरातून आधी जळगाव, मग नाशिक, मग खाली धुळे: सीडी ../../धुळे. एस.टी.नं तासाभराचा रस्ता, कागदोपत्री नाशिकमार्गे. भाचा हसला. सरकारी फाइलचा प्रवास त्यानं अजून पाहिलेला नाही.

दुसरं परत म्हणजे घर. नुसतं सीडी टंका, पुढं काही नाही, आणि एंटर. जगात कुठंही असा, सरळ घरी. हे अतिशय सोपं आहे आणि त्यामुळंच घातक आहे. आठव्या पायरीपर्यंत खोल उतरलेला विद्यार्थी गावाचं नाव टंकायच्या आत चुकून एंटर दाबतो आणि ओसरीवर येऊन पडतो.

तिसरं परत म्हणजे जिथून आलो तिथं. सीडी, मोकळी जागा, एक आडवी रेघ. अमळनेरातून हे टंकलंत की थेट धुळे. शेलनं तुमचं मागचं ठिकाण ओल्डपीडब्ल्यूडी नावाच्या एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलेलं असतं. भाच्याला हवं होतं ते हे. खरं तर बहुतेकांना हेच हवं असतं आणि ते दोन टिंबं टंकत बसतात.

आता इशारा. त्या खिशात चिठ्ठी एकच मावते.

चाळीसगाव-धुळे ही रेल्वेची शाखा ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. चाळीसगावाहून निघालेली गाडी धुळ्याला येते, पुढं रूळच नाहीत, ती उलटी चाळीसगावला जाते. पुन्हा धुळे. पुन्हा चाळीसगाव. सीडी रेघ म्हणजे ही गाडी. एकदा दाबलं की मागच्या ठिकाणी, दुसऱ्यांदा दाबलं की जिथं होतात तिथंच. दोनदा दाबून दोन ठिकाणं मागं जाता येत नाही.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका जिनिंग कारखान्यात हंगामापुरतं हिशेबाचं काम करत होतो. त्यांच्या संगणकावर तीन फोल्डर होते. 'तात्पुरते' नावाच्या फोल्डरात कचरा, 'जुने' मध्ये गेल्या साली काय काय झालं ते, आणि 'पावत्या' मध्ये चालू हंगामाची कापूस खरेदी. मी तात्पुरत्यातून जुन्यात गेलो, जुन्यातून पावत्यांत आलो. मग वाटलं, दोन पावलं मागं जावं आणि कचरा काढून टाकावा. सीडी रेघ. सीडी रेघ. दोन वेळा. त्यानंतर आरएम आणि तारका, म्हणजे समोर असेल ते सगळं पुसून टाक.

मी जुन्यात जाऊन पावत्यांत परत आलो होतो. अडीच महिन्यांची खरेदी गेली. आरएमला कचराकुंडी नसते. वाईट याचं वाटतं की शेल सीडी रेघेनंतर प्रत्येक वेळी पोचल्या ठिकाणाचा पत्ता छापतं, त्याही वेळी छापला होता, दोन ओळी, मी वाचल्या नाहीत. मुनीमजी संगणकाच्या जवळसुद्धा जात नसत. त्यांनी काही न बोलता रोजमेळाची लाल वही माझ्यापुढं सरकवली. नऊ रात्री टंकत होतो. त्यांनी मधूनमधून चहा पाठवला, आणि तो चहा मला शिव्यांपेक्षा जास्त लागला.

एका चिठ्ठीनं भागत नाही तेव्हा उतरंड. आजीच्या स्वयंपाकघरातली आठवा: मडक्यावर मडकं, त्यावर मडकं. शेवटी ठेवलेलं आधी निघतं, तळातल्याला हात लावायचा तर वरची सगळी उतरवावी लागतात. पुशडी म्हणजे गाव उतरंडीवर चढवून तिथं जाणं. पॉपडी म्हणजे वरचं मडकं काढून त्याच्या खालच्या गावी परतणं. डर्स म्हणजे उतरंड डोळ्यांनी पाहणं.

ही युक्ती कुणी काढली याची मी चौकशी केली. वाटलं होतं, कॅलिफोर्नियातल्या कुठल्यातरी मुलानं केली असेल. बर्कलीच्या बिल जॉयनं लिहिलेल्या सी-शेलमध्ये ती आली हे खरं, पण त्या शेलच्या माहितीपत्रातच श्रेय दुसऱ्याला दिलेलं आहे: जे. ई. कल्प, ऑस्ट्रियातल्या लक्सेनबर्गच्या संशोधन संस्थेत काम करणारे. ही संस्था १९७२ मध्ये अमेरिका-रशियाच्या शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांसाठी काढली होती आणि ती बसते व्हिएन्नाजवळच्या एका जुन्या राजवाड्यात. राजवाड्यात माणूस कुठल्या दालनातून कुठं आलो हे विसरणारच. पुढं १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेलं बॅश आलं आणि त्यानंही ही उतरंड उचलली. बॅश म्हणजे बहुतेक लिनक्स यंत्रांवर तुम्हाला भेटतं ते शेल.

प्रात्यक्षिक. जळगावात उभे राहा. पुशडी एरंडोल. मग पुशडी ../पारोळा. मग पुशडी ../../धुळे. महामार्गावरची गावं आहेत, क्रम चुकणार नाही. प्रत्येक वेळी शेल अख्खी उतरंड एका ओळीत छापतं, डावीकडचं सगळ्यांत वरचं. आता पॉपडी, पॉपडी, पॉपडी. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव. चौथ्यांदा दाबलंत तर उतरंड रिकामी आहे असं ऐकवलं जाईल. भाच्यानं चौथ्यांदा दाबलं, पाचव्यांदाही दाबलं. या वयात खात्री करून घ्यावीशी वाटते.

उतरंड उंच झाली की डर्स -व्ही टंका. एकेका ओळीवर एकेक गाव, आणि प्रत्येकाला नंबर. धुळेकरांना हे समजवावं लागत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळं मुख्य ठाणं केलं, शहराची सरळ रेषेत आखणी केली, आणि जुन्या धुळ्यातल्या गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात. चौथी गल्ली, पाचवी गल्ली. पत्ता विचारणाऱ्याला आकडा सांगितला की काम झालं. फरक दोन. एक, शेलची मोजणी शून्यापासून. शून्य नंबर म्हणजे तुम्ही उभे आहात ती गल्ली. दोन, आणि हा जीवघेणा, तुम्ही एका गल्लीतून दुसरीत पाऊल टाकलंत की सगळ्या गल्ल्यांचे नंबर बदलतात. ब्रिग्ज साहेबांनी असं केलं असतं तर धुळ्याच्या पोस्टमननं आग्रा रोडवर बसून रडायचं तेवढं बाकी ठेवलं असतं.

उदाहरणार्थ, उतरंड अशी आहे: शून्य धुळे, एक पारोळा, दोन एरंडोल, तीन जळगाव. टंका पुशडी +२. तुम्हाला वाटेल एरंडोल मधून उपसून वर येईल आणि बाकीचे जागच्या जागी राहतील. तसं होत नाही. सगळी उतरंड रहाटासारखी फिरते. वर एरंडोल, मग जळगाव, मग धुळे, तळाशी पारोळा. आता पॉपडी केलंत तर एरंडोलहून जळगाव, तिथून एकदम धुळे, तिथून पारोळा. अशी गाडी कुठलाही वाहतूक नियंत्रक सोडणार नाही. मी स्वतः पुशडी +२ वापरत नाही. भाच्याला ती फार आवडली.

नंबरांचा त्यापेक्षा सरळ उपयोग आहे. कॉपी करायच्या आज्ञेत, म्हणजे सीपीत, गावाच्या जागी नागमोडी रेघ आणि नंबर लिहा: सीपी भरीत ~२. रहाट फिरवायच्या आधीची उतरंड धरा: तुम्ही धुळ्यातच उभे, भरीत दोन नंबरवर, एरंडोलला पोचतं. शिकायला बाहेरगावी राहिलेल्या पोरांच्या आया हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. आपण जायचं नाही. डबा गाडीत ठेवायचा, ड्रायव्हरला सांगायचं, तिकडं पोरगं स्टँडवर उभं.

मधेच भाच्यानं विचारलं, "मामा, मी एका स्क्रिप्टमध्ये सीडी लिहिलं, ती चालली, पण मी होतो तिथंच. का?"

प्रश्न चांगला होता, आणि त्याच्या कॉलेजपेक्षा जुना. १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स रचत होते. त्यांनी एक नवी सोय केली: शेल प्रत्येक कामासाठी स्वतःची एक प्रत, म्हणजे एक पोर जन्माला घालणार, पोर काम करणार आणि संपणार. सगळे खूश. मग लक्षात आलं की फोल्डर बदलायची आज्ञा बंद पडली आहे. बंद पडली नव्हती. पोर इमानदारीनं धुळ्याला जात होतं आणि तिथंच संपत होतं. बाप जळगावला पाटावर बसलेलाच. पोरगं गेल्यानं बाप हलत नाही, ही गोष्ट त्या विद्वानांना आज्ञा बिघडल्यावर कळली. रिची यांनी पुढं ती मोकळेपणानं लिहून ठेवली. तेव्हापासून फोल्डर बदलायचं काम शेल पोराकडं देत नाही, स्वतः उठून जातं. तुमची स्क्रिप्ट मात्र पोरच. ती कुठं कुठं हिंडली तरी तुम्ही पाटावर. हलायचंच असेल तर स्क्रिप्टच्या नावाआधी एक टिंब आणि मोकळी जागा द्या, म्हणजे ती पोराऐवजी बापाकडून चालते.

दोन खिडक्या उघडल्यात तर दोन वेगळे बाप, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, दोन उतरंडी. एकीतलं मागचं गाव दुसरीला माहीत नसतं. आणि खिडकी बंद केलीत की उतरंड गेली. टंकलेल्या आज्ञांचा इतिहास फाइलीत लिहिला जातो, दुसऱ्या दिवशी कंट्रोल आणि आर दाबून शोधता येतो. उतरंड कुठंही लिहिली जात नाही.

आता जरा अवघड धडा. उतरंडीत गाव नसतं, गावाचं नाव असतं. तुम्ही पुशडी करून पुढं गेलात आणि मागं कुणी त्या फोल्डराचं नाव बदललं, तर पॉपडी करताना शेल म्हणेल, असं ठिकाण नाही. ठिकाण आहे, पाटी बदलली.

याचा सराव खान्देशानं भरपूर केलेला आहे. आधी एकच खान्देश जिल्हा. त्यातून १८६९ मध्ये काही तालुके निघून नगरच्या काहींबरोबर नाशिक जिल्हा झाला. १९०६ मध्ये उरलेल्याचे दोन तुकडे: पूर्व खान्देश, पश्चिम खान्देश. १९६० मध्ये, महाराष्ट्र झाल्यावर, पूर्वेचं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. आमच्या घरातल्या एका जुन्या ट्रंकेत पणजोबांची पत्रं आहेत, पत्त्यात शेवटी 'पश्चिम खान्देश'. आज त्या पत्त्यावर पॉपडी मारून बघा.

त्याहून गमतीची तारीख १ जुलै १९९८. त्या दिवशी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शहाद्याचा माणूस रात्री धुळे जिल्ह्यात झोपला, सकाळी नंदुरबार जिल्ह्यात उठला, खाट तीच. शेलमध्ये नेमकं हेच होतं. तुम्ही आत उभे असताना बाहेरून कुणी फोल्डराचं नाव बदललं तर तुम्ही बाहेर फेकले जात नाही. कामं चालू राहतात, फाइली उघडतात. फक्त तुमच्यापुढची पाटी जुनंच नाव दाखवत राहते, आणि पीडब्ल्यूडीला विचारलंत तर तीही जुनंच सांगते, कारण तीसुद्धा आठवणीतून बोलते. खरं नाव हवं तर पीडब्ल्यूडी -पी (हा पी मोठा) टंका, मग ती उठून प्रत्यक्ष बघून येते. शहाद्यात त्यानंतरही किती दिवस लग्नपत्रिकांवर 'जि. धुळे' छापलं जात होतं, ते जुन्या छापखानेवाल्यांना विचारा.

बाकीच्या सोयी थोडक्यात. सीडीपाथ नावाच्या यादीत आपली मोठी ठाणी लिहून ठेवली तर कुठूनही सीडी आणि नुसतं गावाचं नाव टंकून पोचता येतं. मात्र नुसतं पिंपळगाव म्हटलंत तर हरेश्वराचं की बसवंताचं, हे यादीत जे आधी सापडेल त्यावर ठरतं. झेड-शेलमध्ये ऑटोपुशडी चालू केलं तर साधं सीडीसुद्धा आपोआप उतरंडीवर चढतं; विसरभोळ्यांनी हेच करावं. आणि हल्ली झेडऑक्साइड वगैरे कार्यक्रम निघाले आहेत. तुम्ही कुठं वारंवार जाता, अलीकडं कधी गेलात, याचा हिशेब ठेवून दोन अक्षरांवरून ते ठिकाण ओळखतात. स्टँडवरच्या ओळखीच्या रिक्षावाल्यासारखं: तोंड उघडायच्या आत रिक्षा सुरू. मला अशा रिक्षात बसायला आवडत नाही, कारण ज्या दिवशी खरंच दुसरीकडं जायचं असतं त्या दिवशीही तो रोजच्याच घरी नेतो. भाच्यानं माझ्यादेखत झेडऑक्साइड उतरवून घेतलं.

दुपारी जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळं पुढचे दोन तास शिक्षण बंद. उठल्यावर तो माझ्याच संगणकावर बसला. पुशडीनं एकेक करत नऊ गावं चढवली, साक्रीपासून रावेरपर्यंत, डर्स -व्ही करून नंबर पाहिले, उगाच +४ करून रहाट फिरवला, स्वतःच गोंधळला आणि खूश झाला. साडेपाचची गाडी होती. मामीनं डबा बांधून दिला. चप्पल घालताना म्हणाला, "मामा, ती खिडकी बंद करू नका हं. नऊची नऊ आहेत. पुढच्या रविवारी येऊन एकेक उतरवतो."

मी केली नाही बंद. पडद्यावर कापड टाकलं, आईला सांगितलं की बटणाला हात लावू नको.

रात्री आठला वीज गेली.